लहान मुलींचा हॅलोविन कॉस्च्युम घेताय? दरवर्षी दिसणाऱ्या या चुका टाळा

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की न्यू जर्सीतल्या आमच्या भागातल्या मराठी आया एकेक करून ड्रेस घेऊन माझ्याकडे येतात, "ताई, एवढं जरा आत घ्या ना", "ताई, याची झिप फाटली", "ताई, ही घालतच नाहीये". शिवणाची आवड आहे म्हणून मी करून देते, पण त्याच त्याच चुका बघून आता खरंच कंटाळा आलाय, म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

मुळात घोळ होतो तो फॅन्सी ड्रेसच्या सवयीमुळे. आपल्याकडे शाळेत फॅन्सी ड्रेस म्हणजे पोरगी स्टेजवर जाणार, झाशीची राणी किंवा सावित्रीबाई म्हणून चार वाक्यं बोलणार, फोटो काढला की संपलं. तेवढ्यापुरतं पिना टोचून काहीही उभं राहतं. हॅलोविन तसं नाहीये हो. तिथे ती ३१ ऑक्टोबरच्या अंधारात तास-दीड तास चालणार, गोळ्या-चॉकलेटं मागत घरोघरी पायऱ्या चढणार, ती ठेवायला हातात बादली धरणार, मध्येच शू लागणार, गाडीत बसणार. कॉस्च्युम दिसतो कसा हे नंतर, आधी त्यात चालता येतं का ते बघा.

हे न बघितल्यामुळे काय होतं ते सांगते. आमच्या ग्रुपमधली एक सहा वर्षांची मुलगी जलपरी झाली होती. ड्रेस खरंच देखणा, हिरवे चमकते खवले, खाली शेपटीचा पंखा, पण गुडघ्यापासून घोट्यापर्यंत इतका अरुंद की पाऊल वीतभरच पडायचं. घरात आरशासमोर उभी राहिली तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. बाहेर पडल्यावर पहिल्याच घराला पाच पायऱ्या, तिला एकही चढता येईना, मग आईने उचलून वर नेलं, खाली आणलं, पुढच्या घरी परत तेच, तोपर्यंत बाकीच्या पोरी तीन घरं पुढे पळालेल्या आणि ही "थांबा ना गं" म्हणून हाका मारतेय. चौथ्या घराच्या पायरीवर पंखा पायात अडकला आणि ती तोंडावर पडली. सुदैवाने दात शाबूत राहिले, ओठ फुटला. माझ्या पर्समध्ये त्या रात्री छोटी कात्री आणि सेफ्टी पिना असतातच, तिथेच फुटपाथवर बसून दोन्ही बाजूंची शिवण गुडघ्याच्या वरपर्यंत उसवली, पंखा वर पिनेने टाचला, आत लेगिंग होती म्हणून बरं. त्यानंतर ती पळाली! त्या पोरीला जलपरी व्हायचं होतं यात काहीच चूक नव्हती, दुकानातून आणलेला ड्रेस घालून एकदा जिना चढायला लावला असता तर हे घरीच कळलं असतं.

म्हणून माझ्याकडे ड्रेस आला की मी पोरीलाच बोलावते, नुसता ड्रेस ठेवून जाऊ देत नाही. बादली हातात घेऊन जिना चढ-उतर, जमिनीवर मांडी घालून बस, हात वर कर, आणि बाथरूमला जाऊन एकटीने काढून घालून दाखव. पाठीवर झिप असलेला अखंड ड्रेस असेल तर पाच वर्षांच्या मुलीला तो एकटीने निघत नाही आणि शाळेत बाई प्रत्येकीची झिप उघडायला मोकळ्या नसतात, मग व्हायचं ते होतं. झिप काढून पुढे वेल्क्रो लावून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

लांबी घोट्याच्या वर, यावर मी अजिबात ऐकून घेत नाही. राजकन्येचा ड्रेस जमिनीवर लोळलाच पाहिजे असं आयांनाच वाटत असतं, पोरीला पळायचं असतं.

दुसरी चूक, साइज. वय ६ म्हणून ६ चा ड्रेस मागवतात तोही २८ तारखेच्या रात्री! कॉस्च्युमची कापडं पातळ पॉलिस्टरची, माप तंग, शिवणीत माया (आत सोडलेलं जादा कापड) जवळपास नसते, म्हणजे मला सोडायलाही काही मिळत नाही. आणि आपण विसरतो की इथे ३१ ऑक्टोबरच्या रात्री चांगलीच थंडी असते, आत थर्मल घालावंच लागतं. मग थर्मलवर ड्रेस चढत नाही, म्हणून आई वरून जॅकेट घालते, आणि ज्या ड्रेससाठी पोरगी महिनाभर नाचत होती तोच झाकला जातो, दारातच रडारड. एक साइज मोठा घ्या, लांबी कापा, आत थर्मल आणि जाड लेगिंग. हो, आणि गाडीतून जाणार असाल तर पंख, फुगीर पोटाचा भोपळा असलं काही घालून कारसीटचा पट्टा लावू नका, पट्टा अंगाला घट्ट बसत नाही. पोचल्यावर घाला.

आता ज्या गोष्टीचा मला मनापासून राग येतो ती. दुकानात मुलींच्या रांगेत जाऊन बघा. मुलांचा फायरफायटर म्हणजे पूर्ण पँट, जाड कोट, खिसे, आणि मुलींचा फायरफायटर म्हणजे गुलाबी किंवा लाल तोकडा स्कर्ट, कंबरेत आवळलेला, खिसा नाही. पोलिसांचंही तसंच. सात वर्षांच्या मुलीला असं का दिसायचंय? आया म्हणतात अहो मुलींचं सेक्शन हेच आहे ना. सेक्शनची पाटी बघू नका, सरळ मुलांच्या रांगेतून घ्या, माप तर सारखंच असतं. माझ्या भाचीला आम्ही मुलांचाच अंतराळवीराचा सूट घेतला, खिशात टॉर्च मावला, आत स्वेटर मावला, आणि ती रात्रभर कुणी न विचारताही सांगत होती की मी चंद्रावर चाललेय.

मास्क नकोच. भोकांतून बाजूचं दिसत नाही आणि रस्ता ओलांडताना नेमकं बाजूचंच दिसायला हवं. अमेरिकेतल्या १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांच्या अपघातांच्या नोंदी तपासल्या तर हॅलोविनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आगेमागेच्या आठवड्यांतल्या त्याच वारांच्या संध्याकाळींपेक्षा ४३ टक्के जास्त निघाला, आणि ४ ते ८ वर्षांच्या मुलांत ही वाढ सगळ्यात जास्त. काळी चेटकीण, काळी मांजर, काळं वटवाघूळ, सगळं काळं आणि सहाच्या आत सूर्य मावळलेला. मी प्रत्येक ड्रेसच्या पाठीवर आणि बादलीवर चमकणारी रिफ्लेक्टिव्ह टेप लावते, कुणी "फोटोत दिसते हो" म्हटलं तरी लावते.

चेहरा रंगवायचा तर रंग दोन-तीन दिवस आधी हातावर थोडा लावून बघा. अंधारात चमकणारे रंग डोळ्यांजवळ अजिबात नकोत. त्याच संध्याकाळी डबी उघडून गालावर फासणाऱ्यांना मी हात जोडते.

आगीचं मात्र नीट वाचा. जाळीचं कापड, पातळ पॉलिस्टर, लोंबत्या बाह्या, केप, आणि दारात आत मेणबत्ती पेटवून ठेवलेले कोरलेले भोपळे. २०१४ च्या हॅलोविनला ब्रिटनमधल्या टीव्ही निवेदिका क्लॉडिया विंकलमन यांच्या आठ वर्षांच्या मुलीच्या चेटकिणीच्या ड्रेसने असाच मेणबत्तीवर पेट घेतला आणि ती गंभीर भाजली. त्यानंतर तिकडे मोठा गदारोळ झाला, कारण तिथे असे ड्रेस खेळणी म्हणून गणले जात होते आणि त्यांना रात्रीच्या कपड्यांइतके कडक नियम नव्हते. लेबलवर 'फ्लेम रेझिस्टंट' लिहिलंय का बघून घ्या, पण त्याचा अर्थ जळतच नाही असा नाही, ज्वालेपासून दूर केलं की लवकर विझावं एवढाच. आपल्या घरांत तर हे जास्त जपायला हवं. २०२४ ला नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच आली, आमच्या गल्लीत देशी घरांसमोर रांगोळीभोवती पणत्या आणि त्यावरून घेरदार झगे घालून उड्या मारणाऱ्या पोरी, माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. हॅलोविनच्या रात्री दारात बॅटरीचे दिवे लावा, तेलाची पणती देवापाशी लावा.

सेटसोबत येणाऱ्या प्लास्टिकच्या हिलच्या चपला घरीच ठेवा, रोजचे स्पोर्ट्स शूज घाला.

शाळेचा मेल वाचा. बऱ्याच शाळांत मास्क, खोटी शस्त्रं, रक्ताचे डाग चालत नाहीत आणि काही शाळांत हॅलोविनच करत नाहीत.

अजून एक, आपल्याच लोकांत दिसणारं. कपाटात गेल्या वर्षीचा खणाचा परकर-पोलका आहे, महाग आहे, मग तोच घाल की. पोरीला व्हायचं असतं डायनोसॉर. त्या रात्री प्रत्येक दारात विचारतात तू काय झालीस, आणि हिच्याकडे उत्तर नसतं, कारण ती काही झालेलीच नसते, तिने सणाचे कपडे घातलेले असतात. तिला स्वतःहून लक्ष्मीबाई व्हायचं असेल तर जरूर करा, मी स्वतः नऊवारी शिवून देईन, काष्टा घालून तर उलट मस्त पळता येतं. पण ते तिच्या तोंडून यायला हवं. चार-पाच वर्षांच्या मुली रोज विचार बदलतात हे खरं, म्हणून मी सप्टेंबरअखेर एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा विचारायला सांगते, दोन्ही वेळा एकच उत्तर आलं तर घ्यायचं.

१ नोव्हेंबरला दुकानांत हेच सगळं स्वस्तात निघतं. तेव्हा पुढच्या वर्षीसाठी आख्खे कॉस्च्युम उचलू नका, पोरीची आवड आणि उंची दोन्ही बदलतात. साधी केप, पंख, प्राण्यांचे कान, साध्या रंगाचे बॉडीसूट एवढंच घ्या, त्यातून पुढच्या वर्षी फुलपाखरू, मांजर, वटवाघूळ काहीही जमतं आणि शिवायलाही माझ्याकडे १५ ऑक्टोबरच्या आत घेऊन या.