ऑफिसची नावं ऑफिसला, बाकीची राउटरला

ऑफिसचा व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतची खासगी वाट, म्हणजेच ‘टनेल’) जोडला की घरचा प्रिंटर नावाने सापडेनासा व्हायचा. लिनक्स लॅपटॉपवर ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ (resolvectl status, नावांची चौकशी कुठे जाते ते दाखवणारी आज्ञा) चालवलं, तर टनेलच्या इंटरफेसपुढे, म्हणजे त्या नेटवर्क जोडणीपुढे, डोमेन म्हणून ‘~.’ दिसलं. म्हणजे प्रत्येक नावाची चौकशी ऑफिसच्याच डीएनएसकडे, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरकडे. मी कोणत्या साइट बघतो हे तिकडे कळत होतं, ते वेगळंच.

नेटवर्कमॅनेजरमध्ये (लिनक्सवर नेटवर्क जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम) व्हीपीएन कनेक्शनच्या सर्च डोमेनच्या रकान्यात ऑफिसचं अंतर्गत डोमेन पुढे ‘~’ लावून टाकलं. ही नागमोडी रेघ गाळू नका. ती असली की डोमेन फक्त वाट ठरवायला वापरलं जातं, अर्धवट नावांना शेपूट म्हणून जोडलं जात नाही. दोन डोमेन जुळलीच, तर जास्त नेमकं असलेलं जिंकतं. शिवाय ‘कनेक्शन फक्त त्याच्याच नेटवर्कसाठी वापरा’ हा पर्याय निवडला, म्हणजे ‘~.’ परत येत नाही. मात्र यामुळे बाकीचं इंटरनेटही टनेलबाहेरून जातं, तेव्हा ऑफिसची परवानगी असेल तरच करा.

तपासायला ‘रिझॉल्व्हसीटीएल क्वेरी’ उत्तम: उत्तर कोणत्या इंटरफेसवरून आलं ते शेजारीच छापतं. आणि तरीही ब्राउझर ऐकत नसेल, तर त्यातलं ‘सिक्युअर डीएनएस’ बघा. ते चालू असलं की ब्राउझर या सगळ्याला वळसा घालून परस्पर विचारतो.