४२९४९६७२९७ मूळ संख्या आहे का? तपासताना या चुका टाळा

२ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव ही संख्या मिळते. तिच्या आधीच्या ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या पाचही फर्मा संख्या (n = ०, १, २… घेऊन २^(२^n) + १ या रूपात येणाऱ्या संख्या) मूळ आहेत, म्हणून हीदेखील मूळच असावी, असे सतराव्या शतकात खुद्द फ्रेंच गणितज्ञ फर्मा यांना वाटले होते. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलर यांनी तिला ६४१ ने निःशेष भाग जातो हे दाखवून दिले. चार-पाच उदाहरणे जुळली म्हणून नियम सिद्ध झाला असे मानू नये.

शाळेतल्या कसोट्यांवर थांबणे ही नेहमीची चूक आहे. एकक स्थानी ७ आहे, अंकांची बेरीज ५९ येते, ११ ची कसोटीही लागू पडत नाही. पण यावरून फक्त २, ३, ५ आणि ११ हे विभाजक नाहीत एवढेच कळते. खरे तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ६५५३६ पर्यंतच्या, सर्व ६५४२ मूळ संख्यांनी भागून पाहायला हवे. मात्र या संख्येचा कोणताही मूळ विभाजक १२८ च्या पटीत १ मिळवून येणाराच असतो, हे माहीत असेल तर कष्ट कमालीचे वाचतात: १२९, ३८५ आणि ५१३ मूळ नाहीत, २५७ ने भागल्यास बाकी २ उरते आणि लगेच ६४१ हाती लागतो.

सर्वांत फसवी चूक मला भागाकार नुसता नजरेने वाचण्याची वाटते. ६५५३७ ने भागल्यास उत्तर ६५५३५.००००३०५… येते, स्प्रेडशीटच्या रकान्यात दोनच दशांश स्थळे दिसत असतील तर ते ६५५३५.०० असे दिसते आणि विभाजक सापडल्याचा भास होतो. प्रत्यक्षात बाकी २ आहे, म्हणून बाकीच काढावी. एक्सेलमध्ये कंसाविना २^२^५ लिहिल्यास १०२४ मिळतात, कारण तेथे घात डावीकडून सोडवले जातात. २^(२^५) असे लिहावे. प्रोग्राममध्ये ३२ बिटांचा चिन्हरहित पूर्णांक घेतला असेल तर त्यात ४२९४९६७२९५ पर्यंतच्याच संख्या मावतात आणि आपल्या संख्येच्या जागी चक्क १ उरतो. तेथे ६४ बिटांचा पूर्णांक घ्यावा.

२ हा पाया धरून केलेली फर्मा कसोटीही (संख्येतून १ वजा करून येणारा पायाचा घात त्या संख्येने भागल्यास बाकी १ येते का, हे पाहणारी) येथे निरुपयोगी आहे. २ च्या ३२ व्या घाताला या संख्येने भागल्यास बाकी उणे १ मानता येते, म्हणून ६४ व्या घाताची बाकी १ येते, आणि संख्येतून १ वजा केल्यास ६४ ची पट मिळते. त्यामुळे संख्या संयुक्त असूनही कसोटी पार पडते. पाया ३ घेतल्यास ती नापास होते.

६४१ सापडल्यावर काम संपले असे समजू नये, कारण उरलेला ६७००४१७ हा अवयवही तपासावा लागतो. त्याचे वर्गमूळ २५८८ च्या किंचित पुढे असल्याने वरच्या नियमानुसार २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ एवढ्याच मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. एकानेही निःशेष भाग जात नाही, म्हणजे तो मूळ आहे, आणि आपल्या संख्येला १, ६४१, ६७००४१७ व ती स्वतः असे चारच विभाजक आहेत.