ओपिऑइड व्यसनातून दीर्घकाळ सावरलेल्यांचा अभ्यास कसा करावा

हेरॉइन, फेंटानिल किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या ओपिऑइड (अफूसारखा परिणाम करणाऱ्या) गटातील वेदनाशामक गोळ्या, यांच्या व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसांचे पुढच्या दहा-वीस वर्षांत काय होते, हे ज्याला अभ्यासायचे आहे त्याने आधी एका प्रश्नाचे उत्तर कागदावर उतरवून ठेवावे: आपण ‘सावरणे’ कशाला म्हणणार आहोत? हे उत्तर माहिती गोळा झाल्यावर ठरवले, तर हाती आलेल्या आकड्यांना सोयीची व्याख्या शोधण्याचा मोह आवरणे कठीण जाते.

सुरुवातीला २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेचा आधार घेता येतो. तिच्यात ओपिऑइड सेवनाच्या विकाराचे ११ निकष आहेत. त्यांपैकी पदार्थाची ओढ हा एक निकष वगळून बाकीचे निकष किमान ३ महिने पण १२ महिन्यांपेक्षा कमी काळ आढळले नाहीत, तर तो प्रारंभिक उपशम, आणि १२ महिने किंवा अधिक काळ आढळले नाहीत तर तो टिकलेला उपशम मानला जातो. ओढ वगळली आहे ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण वर्षानुवर्षे सेवन न केलेल्या माणसालाही एखाद्या संध्याकाळी तीव्र ओढ वाटू शकते आणि तेवढ्यावरून त्याची गणना आजारात करणे योग्य नाही. मात्र ही व्याख्या केवळ लक्षणांपुरती आहे. काम, निवारा, नातेसंबंध आणि आरोग्य यांची नोंद स्वतंत्रपणे ठेवावी लागते. ग्रॅनफिल्ड आणि क्लाउड या अभ्यासकांनी १९९९ मध्ये सावरण्यासाठी लागणाऱ्या अशा साधनसंपत्तीला ‘भांडवल’ म्हटले, आणि ती कल्पना आजही उपयोगी आहे.

मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही या व्यसनावरच्या उपचाराची औषधे नियमित घेणाऱ्या माणसाला ‘सावरलेला’ म्हणायचे की नाही, यावर अनेक अभ्यासगटांत वाद होतो. माझे मत स्पष्ट आहे: औषध घेत असल्यामुळे कोणालाही या यादीतून वगळू नये. स्वीडनमध्ये झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४० जणांपैकी निम्म्यांना ब्युप्रेनॉर्फिन देण्यात आले, तर उरलेल्यांना अल्पकाळ औषध देऊन नंतर निष्क्रिय गोळी देण्यात आली. वर्षअखेरीस पहिल्या गटातील ७५ टक्के लोक उपचारात टिकून होते, दुसऱ्या गटात एकही उरला नव्हता, आणि त्या दुसऱ्या गटातील ४ जण मृत्यू पावले होते. औषधासह आणि औषधाविना सावरलेल्यांचे दोन वेगळे रकाने ठेवावेत, पण कोणताही रकाना कमी दर्जाचा ठरवू नये.

यानंतर नमुना निवडण्याचा प्रश्न येतो, आणि निष्कर्षाची दिशा बहुतांशी इथेच ठरते. उपचारकेंद्रात भेटणाऱ्यांमध्ये ज्यांचा आजार लांबला आहे आणि जे वारंवार परत येतात, त्यांचे प्रमाण स्वाभाविकपणे जास्त असते, म्हणून केवळ तेथील माणसे पाहणाऱ्याला हा आजार आहे त्याहून अधिक असाध्य वाटतो. याच्या दुसऱ्या टोकाला अमेरिकी संशोधक ली रॉबिन्स यांचा व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा अभ्यास आहे: तेथे असताना व्यसनाधीन झालेल्यांपैकी परतल्यानंतरच्या ३ वर्षांत सुमारे १२ टक्केच पुन्हा व्यसनाधीन झाले. हे दोन्ही प्रकारचे निष्कर्ष आपापल्या जागी खरे आहेत, फक्त त्यांतील माणसे आणि त्यांची परिस्थिती वेगळी आहे. म्हणून शक्य असल्यास उपचारकेंद्राबरोबरच स्वमदत गट, तुरुंगातून सुटलेले लोक आणि कधीही उपचार न घेता सावरलेले लोक, अशा अनेक वाटांनी सहभागी मिळवावेत, आणि कोण कोणत्या वाटेने आला याची नोंद शेवटपर्यंत जपावी.

काळ किती घ्यावा, याबाबत कॅलिफोर्नियातील एका पाठपुराव्याचे उदाहरण प्रत्येक नव्या अभ्यासकाने समोर ठेवावे. १९६२ ते १९६४ या काळात सक्तीच्या उपचारासाठी दाखल झालेल्या, हेरॉइनचे व्यसन असलेल्या ५८१ पुरुषांचा मागोवा तब्बल ३३ वर्षे घेण्यात आला. १९९६-९७ च्या फेरीपर्यंत त्यांतील २८४ जण मरण पावले होते आणि २४२ जणांची मुलाखत होऊ शकली. पाच वर्षे सेवनाविना काढलेल्यांमध्ये पुन्हा सुरुवात होण्याची शक्यता बरीच कमी झाली होती, तरी पंधरा वर्षे दूर राहिलेल्यांपैकीही सुमारे एक चतुर्थांश लोक पुन्हा सेवनाकडे वळले. आता समजा, यातील मुलाखत दिलेल्या २४२ जणांवरूनच टक्केवारी काढली, तर सुरुवातीच्या गटातील निम्म्याहून अधिक माणसे हिशेबातूनच नाहीशी होतात. म्हणून छेद नेहमी सुरुवातीच्या संख्येचा ठेवावा, आणि मृत, न सापडलेले व नकार दिलेले यांचे आकडे वेगवेगळे द्यावेत.

याच जातीची दुसरी चूक अधिक लपलेली असते. ‘पाच वर्षे उपचारात राहिलेले लोक जास्त जगले’ असे विधान करताना आपण विसरतो की त्या गटात येण्यासाठी माणसाला ती पाच वर्षे जगावेच लागले होते. यावर उपाय म्हणजे उपचाराची स्थिती काळानुसार बदलणारी मानून विश्लेषण करणे, आणि संख्याशास्त्रज्ञाला पहिल्या बैठकीपासून सोबत घेणे.

भेटींची वेळ धोक्याच्या वेळेनुसार ठरवावी. सेवन थांबलेल्या काळात शरीराची सहनक्षमता घटते, त्यामुळे पूर्वीचीच मात्रा आता जीवघेणी ठरू शकते. वॉशिंग्टन राज्यातील तुरुंगांमधून सुटलेल्यांच्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या दोन आठवड्यांतील मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या तुलनेत सुमारे १२.७ पट आढळला. वर्षातून एकदाच होणारी भेट ही वेळ पूर्णपणे चुकवते. सुटका, उपचाराची समाप्ती किंवा औषध बंद होणे, या प्रसंगांनंतर पहिल्या महिन्यात दर आठवड्याला संपर्क ठेवावा, आणि मुलाखतकाराजवळ नॅलोक्झोन (ओपिऑइडच्या अतिमात्रेचा परिणाम उलटवणारे औषध) असावे व ते वापरण्याचे प्रशिक्षण त्याने घेतलेले असावे.

लघवीच्या चाचणीवर फार भिस्त ठेवू नये. ती मुख्यतः मागच्या काही दिवसांचेच सांगते, आणि नेहमीच्या ओपिएट (अफूपासून बनणाऱ्या पदार्थांच्या) चाचणीत फेंटानिल किंवा ब्युप्रेनॉर्फिन सहसा दिसत नाही, त्यासाठी वेगळी चाचणी मागावी लागते. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतात, त्यामुळे मुळाजवळच्या ३ सेंटीमीटरमधून सुमारे ३ महिन्यांचा अंदाज येतो. त्याहून जुन्या काळासाठी कॅलेंडर समोर ठेवून घेतलेली मुलाखत उत्तम: नोकरी, घरबदल, मूल होणे, तुरुंगवास अशा ठळक घटना आधी मांडल्या की त्यांच्या आधाराने सेवनाचे आणि न सेवनाचे काळ बरेच नेमके आठवतात. प्रश्न विचारताना ‘किती वेळा घसरलात?’ असे न म्हणता ‘त्या वर्षी सेवन झाले का?’ असे विचारावे, आणि लघवीच्या नमुन्याला ‘स्वच्छ’ किंवा ‘घाण’ म्हणू नये. भाषा दोष देऊ लागली की माणूस खरे सांगणे थांबवतो. स्वतः या आजारातून गेलेल्यांना प्रश्नावली बनवतानाच सहभागी करावे. प्रश्नावली तयार झाल्यावर त्यांना तिच्यावर केवळ नजर फिरवायला सांगणे पुरेसे नाही.

संमती घेताना माणूस नशेत किंवा पदार्थ थांबल्याच्या त्रासात नसावा. मृत्यूनोंदी तपासण्याची परवानगी आणि संपर्कासाठी दोन-तीन विश्वासू व्यक्तींची नावे याच वेळी मागावीत, मात्र त्या व्यक्तींना अभ्यासाचा विषय कधीही कळू देऊ नये. नावे आणि उत्तरे वेगळ्या ठिकाणी, सांकेतिक क्रमांकाने जोडून ठेवावीत. जो फोन उचलत नाही त्याच्या क्रमांकासमोर प्रत्येक प्रयत्नाची तारीख, वेळ आणि मार्ग लिहावा, आणि पुढच्या फेरीचा पहिला फोन त्यालाच करावा.