लायटरची ठिणगी, रेडिओची खरखर
रेडिओलहरी वर्गात ‘ऐकवायच्या’ असतील तर मीडियम वेव्हचा जुना ट्रान्झिस्टर आणा. काटा दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी ठेवा आणि शेजारी गॅसचा ठिणगीवाला लायटर दाबा. प्रत्येक ठिणगीला रेडिओत ‘कट्’ वाजतं, मध्ये तार नसताना! जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झने १८८७ मध्ये या लहरी ठिणगीनेच निर्माण केल्या होत्या. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ मध्ये कोलकात्यात अशाच लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवली. मुलांना लायटर घेऊन मागे मागे जाऊ द्या, आवाज विरेल तिथे खडूची खूण करा. मग रेडिओ अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या दुहेरी थरात गुंडाळा, फट नको. काय होईल, ते मात्र आधी वहीत लिहून घ्या. एफएमवर हा प्रयोग सहसा फिका पडतो.