संगीत कॉमेडीत पहिल्यांदा हिरो करताय? आधी हशाचं बघा

ज्यांना पहिल्यांदाच संगीत नाटकात रोल मिळालाय आणि तोही प्रेमासाठी झुरणाऱ्या पोराचा, त्यांच्यासाठी लिहितोय. पाठांतर, हालचाली, तिसऱ्या घंटेआधी विंगेत उभं राहणं हे तुम्हाला माहीतच असणार.

आमच्या नाटकातला मुलगा सदाशिव पेठेतला, प्रत्येक कांदेपोह्यांना 'हीच ती' असं धरून जातो, नकार घेऊन येतो आणि आल्यावर गातो. साथीला ऑर्गन, तबला, दोन्ही लाइव्ह. दुसऱ्या पदाआधी माझं वाक्य होतं, "आई, तिने मला पोह्यांवर खोबरं जास्त घातलं गं!" त्यावर ऑर्गनवाले काका सूर देणार आणि मी पद उचलणार. तालमीत एकदाही चुकलं नाही, कारण तालमीत हसणारं कोणी नव्हतं. प्रयोगात 'खोबरं' म्हणालो आणि थिएटर दणाणलं, काकांना पुढचं ऐकूच गेलं नाही, ते थांबले, आणि मी सूर न घेताच सुरू झालो. घाबरलं की आवाज वर चढतो. काळी एकचं पद मी पांढरी तीनला, म्हणजे बऱ्याच वरच्या पट्टीत, धरलं होतं. काकांनी पट्टी शोधून मला गाठेपर्यंत मुखडा संपला आणि अंतऱ्यात तार मध्यमाला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'म'ला, आवाज फुटला. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

म्हणून नीट ऐका. ज्या वाक्यावर हशा येऊ शकतो त्यावर साथीदाराचा क्यू, म्हणजे वाजवायला लागायचा इशारा, ठेवायचाच नाही. क्यू दिसणारा ठेवा. आता मी हशानंतर झोपाळ्याची कडी धरतो, काका ते बघून षड्ज, म्हणजे 'सा', देतात आणि मी उचलेपर्यंत धरून ठेवतात. हशा चढत असताना बोलू नका, पण पूर्ण विरायची वाटही बघू नका, उतरायला लागला की कडी धरायची. मधले चार-पाच सेकंद नुसतं थांबायचं नाही, तो मुलगा तेव्हाही मनात तिचाच विचार करत असतो, ते चेहऱ्यावर राहू द्या. आणि रंगीत तालमीला पाच-सहा मित्र बोलावून त्यांना मुद्दाम नको तिथे मोठ्याने हसायला सांगा, ह्याला पर्याय नाही.

रेकॉर्डेड ट्रॅकवर बसवू, सोपं पडेल, असं कोणी म्हणालं तर माझं मत स्पष्ट आहे, नको. ट्रॅक हशासाठी थांबत नाही, काका थांबतात. 'गाणी शेवटच्या आठवड्यात बसवू' म्हणणाऱ्या दिग्दर्शकापासूनही लांब राहा. गाणं शिकवणारे तालमीला येऊन बसत नसतील तर त्यांचा उपयोग अर्धाच, कारण क्लासमध्ये मांडी घालून जमलेलं पद धावत एंट्री घेतल्यावर श्वासाला पुरत नाही.

रोलबद्दल एकच. ह्या मुलाला विनोदी करू नका. 'संशयकल्लोळ' बघा, देवलांचा मूळचा गद्य फार्स, १९१६ साली पदांसकट आला. त्यातल्या नायकाचं, अश्विनशेठचं, रेवतीवरचं प्रेम अगदी खरं आहे, हशा येतो तो सगळ्यांच्या संशयातून. १८८२ च्या 'सौभद्र'मध्येही अर्जुन सुभद्रेसाठी संन्याशाचा वेष घेतो, तो मनापासून घेतो म्हणूनच मजा येते.

आणि पहिल्या प्रयोगात चुकलात तरी खचू नका. माझा आवाज फुटला तेव्हा पहिल्या रांगेतल्या एक आजी मांडीवर ताल धरून होत्या, त्यांनी तो सोडला नाही, मी त्यांच्याकडे बघत समेवर आलो आणि पद पूर्ण केलं. दुसऱ्या प्रयोगाआधी काका नुसतं एवढंच म्हणाले, "कडी धर रे, मी आहे." त्या दिवशी हशा आधीपेक्षा मोठा आला आणि पद काळी एकलाच लागलं.