रात्रभराचे दशावतारी नाटक चित्रित करताना टाइमकोडने आवाज आणि चित्र कसे जुळवावे

सिंधुदुर्गात किंवा गोव्यातल्या पेडणे भागात जत्रेच्या रात्री होणारे दशावतारी नाटक चित्रित करायचे, तर दोन-तीन कॅमेरे आणि एक स्वतंत्र ऑडिओ रेकॉर्डर एवढी सामग्री बहुधा लागतेच. या नाटकात संवाद लिहिलेले नसतात. ते नटाला रंगमंचावर सुचतात आणि निसटलेला शब्द पुन्हा मिळत नाही. म्हणून रेकॉर्डरवरचा आवाज प्रत्येक कॅमेऱ्याच्या चित्राशी अचूक बसवणे हे काम संकलनापर्यंत ढकलून चालत नाही, त्याची तयारी नाटकाआधीच करावी लागते. कॅमेरे रात्रीत अनेकदा थांबतात आणि पुन्हा सुरू होतात, आणि दर वेळी नटांसमोर जाऊन क्लॅप (आवाज आणि चित्र जुळवण्याच्या खुणेसाठी वाजवायची टाळी) देणे शक्य नसते. अशा ठिकाणी टाइमकोडला पर्याय नाही.

टाइमकोड म्हणजे तास, मिनिटे, सेकंद आणि फ्रेम अशा चार जोड्यांचा आकडा, उदाहरणार्थ 11:04:32:17. हा आकडा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे आधी समजून घ्यावे. रेकॉर्डरच्या वेव्ह फाइलमध्ये टाइमकोडची नोंद फक्त सुरुवातीची असते. मध्यरात्रीपासून किती सॅम्पल (आवाजाची सेकंदाला हजारो वेळा घेतली जाणारी मोजमापे) झाल्यावर फाइल सुरू झाली, एवढेच तिथे लिहिलेले असते. त्यापुढे आवाज किती वेगाने धावेल हे रेकॉर्डरच्या आतल्या घड्याळावर अवलंबून राहते. म्हणजे आकडा जुळवणे आणि वेग जुळवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि माझ्या मते बहुतेक घोळ पहिले काम झाले की दुसरेही झाले असे मानल्यामुळेच होतात.

सुरुवात फ्रेमरेटपासून, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम टिपायच्या या आकड्यापासून करावी. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे मांडवातल्या दिव्यांची लुकलुक टाळण्यासाठी सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवणे सोयीचे पडते; तोच 25 हा आकडा कॅमेरे, रेकॉर्डर आणि टाइमकोडची डबी (टाइमकोड तयार करून कॅमेऱ्याला पुरवणारे छोटे यंत्र) या सर्वांत एकसारखा असला पाहिजे. रेकॉर्डरचा सॅम्पल रेट 48 किलोहर्ट्झ ठेवला की एका फ्रेमला बरोबर 1920 सॅम्पल येतात. कॅमेऱ्यात टाइमकोड ‘फ्री रन’वर, म्हणजे रेकॉर्डिंग थांबले तरी धावत राहणारा असावा. ‘रेक रन’मध्ये रेकॉर्डिंग थांबले की आकडाही थांबतो, त्यामुळे तो इथे निरुपयोगी आहे.

आता रात्रीच्या कामातली खास अडचण. टाइमकोड 23:59:59:24 नंतर 00:00:00:00 होतो. नाटक रात्री अकराला उभे राहून पहाटेपर्यंत चालले, तर आडदशावताराच्या (नाटकाच्या पूर्वरंगाच्या) फाइल संगणकावर शेवटी जाऊन बसतात आणि मध्यरात्रीनंतरचे आख्यान (मुख्य कथानक) आधी येते. यावर उपाय सोपा आहे: मुख्य टाइमकोड घड्याळाच्या बारा तास मागे लावावा. रात्री अकराला 11:00:00:00 सुरू केला की पहाटे पाचला तो 17:00:00:00 असेल आणि सगळा क्रम सरळ राहील.

मुख्य यंत्र म्हणून रेकॉर्डर किंवा एक डबी निवडावी आणि बाकीच्या डब्या केबलने किंवा ब्लूटूथने तिच्याशी जॅम कराव्यात, म्हणजे तिचा आकडा त्यांना देऊन एकसारख्या कराव्यात. शक्य असेल तर डबी प्रत्येक कॅमेऱ्याला रात्रभर जोडलेलीच ठेवावी, कारण चांगल्या डबीचे घड्याळ दहा लाखात सुमारे एक भाग एवढेच चुकते. पाच तासांत तो फरक 18 मिलिसेकंदांचा, म्हणजे अर्ध्या फ्रेमपेक्षाही कमी होतो. साध्या यंत्रांची घड्याळे दहा लाखात वीस भागांनी सहज वेगळी पडू शकतात, आणि तेव्हा तासाला 72 मिलिसेकंद, पाच तासांत 9 फ्रेम एवढी तफावत साठते. ओठ आणि शब्द वेगळे झालेले मांडवातल्या शेवटच्या प्रेक्षकालाही कळावे, इतकी ती मोठी आहे.

ज्या कॅमेऱ्याला टाइमकोडची वेगळी खाच नाही, त्याच्या माइकच्या खाचेत डबीचा टाइमकोड आवाजाच्या रूपात द्यावा: डाव्या चॅनेलवर टाइमकोड आणि उजव्यावर संदर्भापुरता आवाज. डबीची पातळी माइकसाठी ठेवावी, लाइनसाठी नाही. कॅमेऱ्यातली आपोआप पातळी राखण्याची सोय, लो-कट (खालचे सूर कापणारी सोय) आणि लिमिटर (चढा आवाज दाबणारी सोय) बंद करावेत. मीटर साधारण उणे 15 डेसिबलच्या आसपास असावा. त्याहून फार चढला तर टाइमकोडची किरकिर उजव्या चॅनेलमध्ये झिरपते आणि पायपेटीचे सूर कानाने तपासणेही कठीण होते.

लांबलचक फाइल टाळाव्यात. प्रवेश संपताना एकेक कॅमेरा आळीपाळीने थांबवून पुन्हा सुरू करावा. नवी फाइल टाइमकोड नव्याने वाचते आणि साठलेला फरक तिथे पुसला जातो. बऱ्याच रेकॉर्डरमध्ये रेकॉर्डिंग न थांबवता नवी फाइल उघडता येते, तीही सवय ठेवावी. 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिटला आठ ट्रॅकची फाइल तासाला चार जीबीच्या पुढे जाते, म्हणून ही सवय कार्डाच्या दृष्टीनेही हिताची आहे. बाहेरून येणाऱ्या टाइमकोडशी आवाजाचे घड्याळ बांधण्याची सोय रेकॉर्डरमध्ये असेल, तर ती जरूर वापरावी.

नाटक सुरू होण्यापूर्वी सगळे कॅमेरे रेकॉर्डिंगवर ठेवून एक क्लॅप द्यावी. काही कॅमेऱ्यांत चित्र आणि टाइमकोड यांच्यात एखाद्या फ्रेमचे कायमचे अंतर असते, ते या एका क्लॅपवर मोजून लिहून ठेवता येते.

संकलनासाठी दाविंची रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर वापरत असाल, तर आवाजात टाइमकोड असलेल्या क्लिप मीडिया पूलमध्ये (त्यातल्या फाइलींच्या यादीत) निवडून आधी ऑडिओ ट्रॅकवरून टाइमकोड अद्ययावत करण्याची आज्ञा द्यावी, आणि मगच टाइमकोडच्या आधारे आवाज जुळवण्याची. त्यानंतर प्रत्येक क्लिप सुरुवातीला आणि अगदी शेवटी, अशी दोन ठिकाणी तपासावी. पखवाजावर पडणारी थाप यासाठी उत्तम खूण आहे. सुरुवातीला आणि शेवटी फरक सारखाच असेल तर क्लिप तेवढ्या फ्रेम सरकवावी. सुरुवातीला बरोबर आणि शेवटी चुकीची असेल तर तिथे दोष वेगाचा आहे. अशी क्लिप प्रवेशांच्या मधल्या शांत जागी कापून प्रत्येक तुकडा स्वतंत्र जुळवावा.