स्कायडायव्हिंगची पहिली उडी: नोंदणीपासून जमिनीवर उतरेपर्यंत काय करावे

स्कायडायव्हिंगची पहिली उडी बहुतेक जण टँडम पद्धतीने घेतात आणि नवख्या माणसासाठी तीच योग्य आहे. या पद्धतीत आपला हार्नेस, म्हणजे अंगाभोवती बांधलेल्या मजबूत पट्ट्यांचा साज, दोन्ही खांद्यांपाशी आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना, असा चार ठिकाणी प्रशिक्षकाच्या हार्नेसला जोडतात. पॅराशूट प्रशिक्षकाच्या पाठीवर असते. ते उघडणे, वळवणे आणि उतरवणे ही सारी कामे त्याची. आपल्या वाट्याला मोजकीच कामे येतात, मात्र ती ज्या त्या क्षणी बिनचूक करावी लागतात, म्हणून ती आधीच नीट समजून घ्यावीत.

सर्वांत आधी केंद्र पारखून घ्यावे. पैशांची चौकशी शेवटी केली तरी चालेल. प्रथम प्रशिक्षकाचा परवाना आणि अनुभव विचारावा. अमेरिकेच्या नियमांनुसार टँडम उडी घेऊन जाणाऱ्याने किमान तीन वर्षे या खेळात काढलेली असावी लागतात आणि त्याच्या किमान 500 उड्या झालेल्या असाव्या लागतात. आपला देश कोणताही असला, तरी विचारपूस करताना हे माप हाताशी ठेवता येते. दुसरा प्रश्न राखीव पॅराशूटचा. मुख्य पॅराशूट नीट उघडले नाही तर प्रशिक्षक ते सोडून देतो आणि राखीव उघडतो, त्यामुळे राखीव पॅराशूटची तपासणी करून ते पुन्हा घडी घालण्याचे काम परवानाधारक माणसानेच ठरावीक मुदतीत केलेले असले पाहिजे. ठरलेल्या उंचीपर्यंत आल्यावरही पडण्याचा वेग कमी झालेला नसेल, तर राखीव पॅराशूट आपोआप उघडणारे एक छोटे उपकरणही असते. ते बसवलेले आहे ना, हे विचारण्यात संकोच करू नये. चांगल्या केंद्रातील माणसे अशा प्रश्नांची उत्तरे आनंदाने देतात, आणि जिथे ती टाळली जातात तिथून परत फिरणे केव्हाही बरे.

नोंदणीच्या वेळी वय, वजन आणि आजार खरे सांगावेत. वजनाची मर्यादा पॅराशूट आणि हार्नेस किती भार पेलतात यावरून ठरते, म्हणून चार किलो कमी सांगण्यात कसलाही शहाणपणा नाही. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, अपस्मार, पाठीचे वा गुडघ्याचे दुखणे, पूर्वी निखळलेला खांदा यांपैकी काही असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये, आणि गरोदरपणात उडी घेऊच नये. सर्दी ही किरकोळ वाटणारी गोष्ट इथे किरकोळ राहत नाही: चोंदलेल्या नाकामुळे कानाच्या पडद्यामागील हवेचा दाब बाहेरच्या दाबाशी जुळत नाही आणि झपाट्याने खाली येताना कानात तीव्र कळ येते. त्यामुळे सर्दी असेल तर तारीख पुढे ढकलावी. स्कूबा डायव्हिंग केले असल्यास मध्ये निदान 24 तास जाऊ द्यावेत.

उडीच्या दिवशी उपाशीपोटी जाऊ नये. हलके खाऊन जावे आणि आदल्या रात्रीपासून मद्य टाळावे. पायांत घट्ट बसणारे, नाडीचे, सपाट तळाचे बूट हवेत. अंगठ्या, साखळ्या, कानातले काढून ठेवावे, खिसे रिकामे करावेत. चष्मा असल्यास त्यावर बसणारा गॉगल आधीच मागून घ्यावा. साधारण 13,000 फुटांवर हवा जमिनीपेक्षा सुमारे 25 अंश सेल्सिअसने थंड असते, त्यामुळे उन्हाळ्यातही अंगभर कपडे घालावेत. वारा किंवा ढग आड आले तर तासन्‌तास थांबावे लागते, कधी उडी रद्दही होते. अशा वेळी हुज्जत घालू नये. हवामान पाहून नाही म्हणणारा प्रशिक्षकच भरवशाचा.

जमिनीवरच्या सरावात प्रशिक्षक शरीराची ठेवण शिकवतो. हा सराव उरकून टाकू नये, कारण पुढची सगळी कामे याच ठेवणीवर उभी आहेत. विमानाच्या दारात बसल्यावर पाय खाली मागे दुमडलेले, कंबर पुढे, मान मागे आणि डोके प्रशिक्षकाच्या खांद्याला टेकलेले हवे. दोन्ही हातांनी छातीवरचे हार्नेसचे पट्टे धरावेत. दाराची कड किंवा प्रशिक्षकाचा हात धरण्याची ऊर्मी येते, ती आवरलीच पाहिजे. कंबर पुढे काढून शरीराची कमान केली की वाऱ्यात पोट खाली राहते आणि दोघे स्थिर होतात. भीतीने अंग आखडून पोटाशी घेतले की दोघेही डगमगतात.

बाहेर पडल्यावर पहिले काही क्षण गोंधळाचे असतात. मग प्रशिक्षक ड्रोग नावाचे लहान पॅराशूट सोडतो, ज्यामुळे दोघांच्या एकत्रित वजनामुळे वाढू पाहणारा वेग ताशी 190 ते 200 किलोमीटरच्या आसपास राहतो. या टप्प्यात पोटात गोळा येतो असा समज आहे, परंतु विमान आधीच वेगात पुढे जात असल्याने वाऱ्यावर पालथे पडल्यासारखेच अधिक वाटते. प्रशिक्षकाने खांद्यावर थाप दिली की हात सोडून कोपरांत वाकवून बाजूला पसरावेत. श्वास घेता येत नाही असे वाटल्यास जोरात ओरडावे. ओरडताना श्वास सुटतो, मग पुढचा आपोआप आत येतो. 13,000 फुटांवरून हे मुक्त पतन एका मिनिटाच्या आत संपते.

साधारण 5,000 फुटांवर मुख्य पॅराशूट उघडते तेव्हा वर ओढल्यासारखा झटका बसतो, शरीर उभे होते आणि वाऱ्याचा आवाज एकदम कमी होतो. आता बोलता येते. पुढची काही मिनिटे आवंढा गिळून किंवा नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारून कान मोकळे करावेत. वळणांनी मळमळत असेल तर तसे लगेच सांगावे. प्रशिक्षक वळणे सावकाश घेतो. याच वेळी पाय उचलण्याचा सराव हवेतच एकदा करून पाहावा: मांड्यांखाली हात घालून गुडघे छातीकडे ओढायचे आणि पाय पुढे सरळ करायचे.

पहिल्या उडीत घोटा किंवा पाय दुखावण्याचा धोका उतरताना असतो. जमीन जवळ आली की ती पायांनी गाठावी असे मनापासून वाटते, पण आपले पाय प्रशिक्षकाच्या आधी टेकले तर दोघांचा भार त्यांवर येतो. म्हणून ‘पाय वर’ ही सूचना ऐकताच ते उचलावेत आणि पुढची सूचना मिळेपर्यंत तसेच धरून ठेवावेत. बहुधा दोघेही बसल्या अवस्थेत घसरत थांबतात. थांबल्यावर लगेच उठू नये. प्रशिक्षक हार्नेस सोडवेपर्यंत बसून राहावे, कारण वाऱ्याने भरलेले पॅराशूट जमिनीवरही ओढू शकते. कान दुसऱ्या दिवशीही बंद वाटले, तर डॉक्टरांना दाखवावे.